कंठाची पूड

दुसऱ्याच्या विहिरीचा, बैलजोडीचा अथवा पुत्रसौख्याचा हेवा करणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. परंतु एका पक्ष्याच्या मानेवरील बोटभरही रुंदी नसलेल्या लाल पट्ट्याचा हेवा करून ज्याने आपले अन्न गोड लागू दिले नाही, असा मनुष्य बहुधा मी एकटाच असेन.

माझे नाव गहिनीनाथ. शेवगावच्या पेठेत माझे शिवणकामाचे दुकान आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. त्यापुढचे जे काही आहे ते वाचनालयातील पुस्तकांचे देणे आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे. मला व माझी पत्नी मुक्ताबाई हिला अपत्य नाही, आणि म्हणूनच श्रीरंग नावाच्या आमच्या राघूविषयी आमची ममता सामान्य माणसाहून अधिक होती, हे वाचकांनी प्रथम लक्षात घ्यावे.

हा राघू मला गिदोनने दिला. गिदोन हा धर्माने ख्रिस्ती व व्यवसायाने गवंडी असून त्याचे घर माझ्या दुकानाच्या अगदी समोर, गल्लीच्या पलीकडे आहे. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या भिंतीचा चुना खरवडताना त्याला एका भोकात दोन पिल्ले सापडली. ती त्याने घमेल्यात घालून आणली आणि म्हणाला, "दादा, पयला हात तुमचा. कंचं पायजे ते घ्या." मी दोहोंपैकी थोराड पिल्लू उचलले. उरलेले त्याने ठेवून घेतले व त्याचे नाव दावीद ठेवले.

सांगायचे तात्पर्य असे की, दोन्ही पक्षी एका भोकातले, एका आईचे व एका वयाचे होते. असे असूनही यंदाच्या दिवाळीपासून दावीदच्या गळ्याभोवती काळा व लाल असा कंठ उमटू लागला आणि माघ महिना येईतो तो इतका सतेज झाला की, येणारे-जाणारे थांबून पाहू लागले. माझ्या श्रीरंगाची मान मात्र हिरवी ती हिरवीच राहिली.

माझ्या दुकानाला लागून आसारामचे चहाचे हॉटेल आहे. आसारामची जीभ कात्रीसारखी चालते.

"गहिनीदादा," तो गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, "साऱ्या गावाला कालर लावता अन् घरच्या राघूला बिनकालरीचा ठिवला व्हय?"

"येईल कंठ. प्रत्येकाची वेळ असते," मी म्हणालो.

"मापच चुकलं आसंल. पुन्यांदा घ्या की टेप."

सर्वजण हसले. मीही हसलो, परंतु त्या दिवशी शिवलेल्या सदऱ्याची दोन्ही काजे मी उलट्या बाजूस केली.

तो दुष्काळाचा काळ होता. हिरवे पान दृष्टीस पडत नव्हते. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी मिळे. ती माणसे नाइलाजाने खात आणि पक्षी तर तोंडही लावीत नसत. अशा दिवसांत दावीदची पिसे तेल लावल्यासारखी चकाकत होती. याचे मर्म मी माझ्या मशिनीवर बसून शोधून काढले. पाण्याअभावी गवंडीकाम बंद असल्यामुळे गिदोन पाझर तलावाच्या कामावर जात असे. निघण्यापूर्वी तो कोनाड्यातून एक पितळी डबी काढी, तिच्यातील करड्या रंगाची चिमूटभर पूड भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीवर भुरभुरवी, आणि दावीद ती वाटीच्या कडा कुरतडून खाई.

मी गल्ली ओलांडून सरळ विचारले, "गिदोनभाऊ, ही कसली पूड?"

तो हसला. "घरचंच हाय समदं. शेवग्याचा वाळला पाला, जवस, आन् आनिक एक जिन्नस. पर तुमच्या घरात न्हाई चालायचं दादा."

हे वाक्य माझ्या काळजात सुईसारखे मोडून बसले. ज्या घरात त्याने दिलेला पक्षी चालतो त्या घरात त्याची पूड का चालू नये? कंठाचे रहस्य त्याला स्वतःपाशीच ठेवावयाचे आहे, असा मी त्याचा अर्थ केला. त्यात भर म्हणजे घरी मुक्ताबाई म्हणाली, "गिदोनभाऊंचा राघू कसा नवरदेवावानी दिसतोय. आपला बिचारा लई उतरलाय."

"आपला काही कमी नाही," मी म्हणालो.

"कमी कुनी म्हनलं? दिसतोय तेवढं बोलले."

त्यानंतर मी माझ्या बुद्धीप्रमाणे उपाय आरंभिले. लाल कंठास लाल आहार कारण असला पाहिजे, असा तर्क करून मी श्रीरंगास जास्वंदीच्या पाकळ्या, वाळलेल्या मिरच्या आणि शोधून आणलेले डाळिंब चारले. एकादशीस आमच्या घरी तोही उपवास करीत असे व भगरीवर राही. त्या दिवशीही मी डाळिंब चुकविले नाही. परिणामी पिंजऱ्याचा तळ तेवढा लाल झाला.

अखेर माझ्या हातून जे घडले ते लिहिताना लाज वाटते, तथापि लिहितो. गिदोनची पत्नी दीना हिने उसवलेले पोलके दुरुस्तीस दिले होते. गिदोन कामावर गेल्याचे पाहून मी ते स्वतः नेऊन दिले. ती आत पाणी आणावयास गेली, तेवढ्यात मी कोनाड्यातील डबी उघडून अर्धी पूड कागदात ओतून घेतली. दावीद पिंजऱ्यात गरगर फिरत कर्कश ओरडू लागला.

"का वो वरडतोय त्यो?" दीनाने आतून विचारले.

"मला ओळखत नाही वाटतं," मी म्हणालो आणि पाणी न पिताच परतलो.

श्रीरंगाने ती पूड ज्या अधीरतेने खाल्ली ती पाहून माझे डोळे भरून आले. जणू तो जन्मापासून तिचीच वाट पाहत होता. बारा दिवस मी दुकान उघडताच प्रथम त्याची मान न्याहाळी. मान हिरवीच होती. परंतु त्याचे अंग भरले, आवाज फुटला, आणि माझ्या अंतःकरणात अशी दुष्ट आशा पालवली की, एकदा याचा कंठ उमटला म्हणजे समोरचा दावीद कोणी पाहणारही नाही.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, श्रीरंग दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पिसे फुगलेली, डोळे मिटलेले, आणि शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होत होते. मुक्ताबाईने त्याला हातात घेतले. त्याने चावण्याचाही प्रयत्न केला नाही.

"अवो, काय खायाला घातलंत ह्याला?" तिने विचारले.

 प्रथम माझ्या मनात आले की, गिदोनने मुद्दामच डबीत काहीतरी कालवून ठेवले असावे. हेवा मनुष्याला किती खाली नेतो, याचा याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

"सांगा की. मरंल त्यो."

मी सांगितले. तिने माझ्याकडे असे पाहिले की, तसे तिने लग्नापासून कधी पाहिले नव्हते. मग म्हणाली, "जावा. बलवून आना त्यास्नी. आत्ताच्या आत्ता."

गिदोन नुकताच ख्रिस्ती देवळातून परतला होता व त्याच्या अंगावर मीच शिवलेला पांढरा सदरा होता. मी दारातच म्हणालो, "भाऊ, तुमच्या डबीतली पूड मी चोरली. राघूला घातली. तो मरायला टेकला आहे."

"चोरल्याचं ठावं हाय," तो चपला घालीत म्हणाला. "दीना बोलली. चला, बगू तरी."

त्याने पक्ष्याला उताणे करून पोटावरून बोट फिरविले, आणि ते बोट एका ठिकाणी थांबले. त्याने मुक्ताबाईला चुलीत वीट तापवावयास सांगितली. तापलेली वीट ओल्या गोणपाटात गुंडाळून पिंजऱ्याखाली ठेवली, वरून धोतर पांघरले व आत वाफ धरू दिली. मग एरंडेलाचा एक थेंब घेऊन पक्ष्याच्या शेपटीखाली लावला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ह्यो राघू न्हाई. मादी हाय. अंडं अडलंय."

"तुम्हाला कसे कळले?"

"कोंबड्यांत जलम गेला. अडलेली कोंबडी वळखू येत न्हाई व्हय? मादीला कंठ कुठला येतोय? काय बी चारा."

मी मशिनीच्या स्टुलावर बसलो. माझी सारी डाळिंबे, जास्वंदी व चोरी त्या एका वाक्याखाली सापडली.

"मग तुम्ही मला मादी का दिली?"

"म्या दिली?" गिदोन म्हणाला. "पिल्लं दोन्ही सारकीच दिसायची. हात तुमी घातला."

 दोन घटका आम्ही तिघे त्या धोतराभोवती बसून राहिलो. वीट निवली की मुक्ताबाई दुसरी आणी. अखेर आतून पंख झटकल्याचा आवाज झाला. धोतर बाजूस करून पाहतो तो श्रीरंग दांडीवर चढण्याची खटपट करीत होती, आणि तळाशी बोराएवढे पांढरे अंडे पडले होते. एका टोकाला त्याचे कवच कागदासारखे पातळ होते.

गिदोनने ते उचलून उजेडात धरले. "पूड पोटात गेली म्हनून येवढं तरी कवच धरलं. आदीपासून मिळाली आसती तर अडलंच नसतं."

"मग आधी दिली का नाही?"

"तिसरा जिन्नस अंड्याचं टरफल हाय, दादा. भाजून कुटल्यालं. तुमच्या गळ्यात माळ. कसं देनार?"

माझा हात आपोआप माळेकडे गेला. मुक्ताबाई त्या अंड्याकडे पाहत होती. माळकऱ्याच्या घरात ते कोठे ठेवावे, हे तिला कळत नव्हते. शेवटी तिने ते माझ्या बटणांच्या डबीत ठेवले.

"नर नसला तरी बी आजून दोन-तीन घालंल ती," गिदोन म्हणाला. "रोज पूड पायजे. पर माझ्याकडं उरलीया चार दिसांपुरती. कोंबड्या दोनच राह्यल्यात, त्याबी उपाशी. अंडी बंद झाल्यात." असे म्हणून त्याने घरून डबी आणली आणि ती सगळी माझ्या कागदावर उपडी केली. "दाव्याचं भागंल. त्येला काय अंडी घालायची न्हाईत."

दुसऱ्या सकाळी समोर दावीदने कोरडी डाळ वाटीतून फेकून दिलेली मी पाहिली. खरे ते सांगतो. क्षणभर मला बरे वाटले. मागाहून त्या बरे वाटण्याचीच लाज वाटली. त्या गवंड्याने जे इतक्या सहज दिले, ते मला आयुष्यात कधी देता आले नसते, आणि आता मला दावीदच्या कंठाचा नव्हे, तर गिदोनच्या त्या उपड्या केलेल्या डबीचा हेवा वाटू लागला.

पूड संपण्यापूर्वी मी दुकानाची फळी लावली व भर अकरा वाजता एस. टी. स्टँडवरील आम्लेटच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. गाडीवाल्याने माझ्या माळेकडे पाहिले.

"काय देऊ, म्हाराज?"

"फक्त टरफले."

आसाराम नेमका तेथेच दूध घ्यावयास आला होता. "आरं तिच्या," तो म्हणाला, "गहिनीदादांनी कोंबडीच्या घरात लगीन ठरीवलं का काय?"

"राघूला पाहिजेत," मी म्हणालो. "अंडी घालते माझी."

त्याचे तोंड उघडे राहिले, आणि हसू बाकीच्यांना आले. मी पदपथावर बसून टरफले एकेक करून पिशवीत भरली. ओळखीची चार माणसे जवळून गेली. कोणी बोलले, कोणी बोलले नाही.

घरी मुक्ताबाईने माझ्या हाती वेगळा तवा दिला. स्वयंपाकाच्या तव्याला तिने हात लावू दिला नाही. मी टरफले धुऊन भाजली, अंगणात बसून खलात कुटली आणि शिवणाच्या मलमलीतून गाळली. गिदोनने त्यात जवस व पाला मिसळण्याचे प्रमाण सांगितले. अर्धी पूड मी त्याची रिकामी डबी मागून आणून तिच्यात भरली. श्रीरंगीने, कारण आता आम्ही तिला असेच म्हणू लागलो होतो, चौथ्या दिवशी दुसरे अंडे घातले. ते अडले नाही आणि त्याचे कवच दोन्ही टोकांना टणक होते.

डबी परत करताना मी माझी पूड चिमटीत घेऊन कागदावर राहिलेल्या गिदोनच्या जुन्या पुडीच्या कणांशेजारी ठेवून पाहिली. माझी अधिक बारीक होती. मी त्याला ते दाखविले.

"व्हय, लई बारीक हाय," तो म्हणाला, आणि त्याने ती दावीदच्या डाळीवर भुरभुरवली.