व्हॉल्व्ह नंबर तीनचा रातवा

“कुठंय? मला नुसते दगड दिसतायत,” इंजिनिअरबाई म्हणाल्या.

“त्या तपकिरी दगडाच्या डाव्या बाजूला बघा, हातभर अंतरावर. बोट नका दाखवू, तिला आवडत नाही.”

मेकॅनिकने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की बाईंनी वर गेलेला हात खिशात घातला. बराच वेळ त्या डोळे ताणून बघत राहिल्या. मग वाळूतल्याच एका ढेकळाला डोळ्याची बारीक फट आहे आणि त्याच्या गळ्यापाशी काहीतरी भराभर थरथरतंय, हे त्यांच्या लक्षात आलं.

“अगंबाई,” त्या हळूच म्हणाल्या.

“रातव्याची मादी. गळा हलवते, तेवढाच गारवा. घरटंबिरटं काही नाही, दोन अंडी थेट वाळूवर. दिवसभर ही बसते. अंधार पडला की नर बसतो आणि ही किडे पकडायला जाते. या सपाटीवर दरवर्षी असतात. आधी हिची आई असेल, तिच्या आधी आजी.”

बाईंच्या हातात नकाशा होता. नव्या पाइपलाइनचा चर व्हॉल्व्ह नंबर तीनवरून, नेमका या सपाटीतून जाणार होता. खोदायचं मशीन सोमवारी यायचं होतं. चर पुरा झाला की नव्या स्टेशनातून पाणी सुरू, डिझेलवरचा जुना पंप बंद आणि मेकॅनिकची एकोणतीस वर्षांची नोकरीही बंद.

“अंडी उचलून जरा पलीकडे ठेवली तर?”

“मग ती बसत नाही. एकाने करून बघितलंय.” त्याने मान खाजवली. “एकाने म्हणजे मीच. पहिल्या वर्षी. भलं करायला गेलो.”

बाईंनी नकाशाची घडी घातली. “काका, किती दिवस लागतील?”

“पिल्लं बाहेर पडायला पंधरा. मग दोन-तीन दिवसांत ती आईमागे सरकायला लागतात. अठरा दिवस द्या.”

“आणि तोवर पाणी? तुमचा पंप आता टिकत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंत ना?”

“मीच लिहिलंय, मीच टिकवतो.”

बाई जरा हसल्या. “दुसऱ्या टोकाकडून खोदायला घेते. पण पंप बसला, तर मशीन दुसऱ्या दिवशी इथे. मग मला काही म्हणायचं नाही.”

“नाही म्हणणार.”

खरी अडचण घरी होती. लेकीचे दिवस भरत आले होते. तिच्याकडे जायची दोघांची तिकिटं काढलेली होती, बॅग अर्धी भरून झाली होती.

“तुम्ही पक्ष्यांची बाळंतपणं करा,” बायको म्हणाली. “लेकीचं मी एकटी करते.”

“तिच्याजवळ तू आहेस, जावई आहेत, दवाखाना आहे. हिच्याजवळ कोण आहे?”

“का? नवरा नाही तिला? का तोही पंपावरच असतो?”

तिने बॅगेतून त्याचे शर्ट एकेक करून काढले आणि फळीवर ठेवले. तो तिला स्टँडवर सोडायला गेला. बस सुरू झाल्यावर ती खिडकीतून म्हणाली, “उन्हात जाताना डोक्याला ओला रुमाल बांधत जा. पक्ष्याचं कळतं, स्वतःचं कळत नाही.”

त्याने खाट पंपघरातच टाकली. सहाव्या दिवशी बेअरिंग तापायला लागलं. त्याने बेअरिंगच्या आवरणावर ओली गोणपाटं बांधली आणि दर तासाला तेल दिलं. अकराव्या दिवशी ऐन दुपारी पट्टा तुटला. तो शिवून परत चढवेपर्यंत त्याची बोटं सोलपटून निघाली. एवढ्या गडबडीतही दिवसातून एकदा, ओला रुमाल बांधून, तो लांबूनच सपाटीकडे बघून यायचा.

तेराव्या दिवशी फोन आला. “मुलगी झाली,” बायको म्हणाली. “दोघी छान आहेत. नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं.” मग तिनेच विचारलं, “आणि तुमच्या तिचं काय?”

“अजून नाही.”

“लक्ष ठेवा.”

सोळाव्या दिवशी टरफलं दिसली आणि मादीच्या पोटाखाली वाळूच्याच रंगाचे दोन लोकरी गोळे. अठराव्या दिवशी ती जागा रिकामी होती. तो थोडा पुढे गेला, तर मादी एका झुडपाकडून आली आणि मोडल्यासारखा पंख फरफटत त्याच्यापुढे उलट्या दिशेने चालू लागली. पिल्लं झुडपाखाली आहेत हे त्याला कळत होतं. तरी तिचं मन राखायला तो फसल्यासारखा तिच्यामागे पन्नासेक पावलं गेला. मग ती झटकन उडाली, आणि तोही परतला.

ते झुडूप सोडून मशीनने चार दिवसांत उरलेला चर संपवला. नव्या स्टेशनातून पाणी आलं, तेव्हा इंजिनिअरबाई पंपघराच्या दारात आल्या. “काका, तुम्हीच बंद करा.”

त्याने दांडा ओढला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. जाताना बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, तेलकट होता तसाच.

लेकीकडे जायची बस सकाळची होती. दिवस मावळल्यावर तो पंपघराच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने सपाटीकडून आवाज यायला लागला. टक-टक-टक-टक. सारखा, न थांबता, लांब कुठेतरी लहानसं इंजिन चालावं तसा. तो उठून उभा राहिला, हात पान्यासाठी खिशाकडे गेलाही. मग त्याला कळलं, हा रातव्याचा नर. एकोणतीस वर्षांत इथली एकही संध्याकाळ इंजिनाशिवाय गेली नव्हती. हा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

तो परत पायरीवर बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. कुठेही ठोका चुकत नव्हता.