अर्ध्या मिनिटाचा उशीर

लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलच्या मागच्या अंगणात अबुंदियोने फोन कांद्याच्या पोत्याला टेकवून उभा केला आणि भांडी घासून भिजलेले हात पुसले. पडद्यावर त्याचं गाव थेट दिसत होतं, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातलं. बावीस वर्षांत तिथे पाऊल नाही. कागदपत्रं नसलेला माणूस गेला की परत येणं मुश्कील, म्हणून तो गेलाच नव्हता. यंदा सणाचं गावजेवण घालायचा मान मात्र त्याने मागून घेतला होता. मानकऱ्याने आईबरोबर देवळापुढे पहिला नाच करायचा, आणि नाव तीनदा पुकारूनही ओ आली नाही तर मान दुसऱ्याला जायचा, ही गावची जुनी रीत.

फोनवरच्या माणसाला हजर धरायचं का, यावर पंच आठवडाभर भांडले. शेवटी अबुंदियोची आई फिदेन्सिया म्हणाली, देव तरी कुठे दिसतो, त्याला धरताच ना?  पुकारल्यावर त्याने फोनवर लिहून ओ द्यावी असं ठरलं.

पहिला पुकारा कानी पडताच अबुंदियोने ‘हजर’ लिहिलं, दुसऱ्या-तिसऱ्यालाही लिहिलं. पण मेलं ते चित्र इकडे पोचायलाच अर्धं मिनिट लागायचं! तिकडे तिन्ही पुकारे होऊन गेले होते. चित्रण करणाऱ्या नाबोरने ‘ओ आली नाही’ म्हणून मान हलवली. मुख्य पंच सेवेरोने दुसऱ्या घरच्यांना खूण केली. 

तेवढ्यात आई पुढे झाली.

“सेवेरो, थांब की जरा. हा जन्मतानाही दहा दिवस उशिरा आला होता. मी थांबलेच ना?”

सगळा चौक हसला. हसू ओसरतंय तोच नाबोर म्हणाला, “आली. लागोपाठ तीन आल्या.”

बँड सुरू झाला. आईने नाबोरला फोन धरून समोर उभं केलं आणि घागऱ्याची टोकं धरून ती फोनसमोर नाचू लागली. अबुंदियोने ॲप्रन भिरकावला. भांडी तुंबली म्हणून ओरडायला आलेली मालकीणबाई दारातच थबकली आणि टाळ्या वाजवू लागली. त्याला हसू येत होतं, डोळेही भरले होते.

तिकडे बँड आता थांबला असणार, हे त्याला ठाऊक होतं. इकडे आई अजून नाचत होती. उरलेलं अर्धं मिनिट तो तिच्याबरोबर मन लावून नाचला.