पुलावर जपून

दाजींना सगळा कारखाना दाजी म्हणायचा. मालक त्यांचा मेव्हणा. तो दाजी म्हणतो म्हणून बाकीचे म्हणू लागले, आणि पुढेपुढे दातांचे डॉक्टरसुद्धा फोनवर "जरा दाजींना द्या" म्हणायला लागले.

कारखाना म्हणजे तरी काय, एका इमारतीच्या तळाशी दोन खोल्या आणि सहा माणसं. तिथे कवळ्या बनत. डॉक्टरांकडून तोंडाच्या मापाचे साचे येत, बारीकबाई त्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवत, मग मेण उकळून काढायचं, त्या जागी पक्का मसाला भरायचा, आणि शेवटी दाजी ती कवळी फिरत्या चाकावर धरून अशी लखलखीत करत की घालणाऱ्या आजोबांनी विनाकारण हसत सुटावं.

बारीकबाई अंगाने चांगल्या उंचपुऱ्या, भरलेल्या. नाव पडलं ते नजरेवरून. दात केसभर तिरका बसला तरी त्यांना तो दिसायचा. उजव्या हातात मेणाची सुरी घेऊन मनगट जरासं वळवलं की दात सरळ. ते वळवणं दुसऱ्या कुणाला जमत नसे, मालकालाही नाही.

दाजी तीन हिवाळे सायकलने कामावर येत होते. बाकीचे बसने यायचे, नाकं लाल करून, स्टॉपवर अर्धा तास कुडकुडून. दाजी मात्र दारातून आत येताना कपाळावरचा घाम पुसत येत. "थंडी? कुठाय थंडी?" असं विचारत. मग चहा होईपर्यंत व्याख्यान चाले. हातमोज्यांवर हातमोजे कसे घालायचे, छातीशी वर्तमानपत्राची घडी कशी ठेवायची, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक का लावायचा नाही. "तीन वर्षांत एकदा तरी पडलोय का मी? विचारा कुणालाही."

कुणी विचारत नसे. पण एक दिवस बारीकबाईंनी विचारलं. त्यांना दोन बस बदलून यावं लागे, सव्वा तास जायचा. घरी सासूबाई एकट्या.

"दाजी, मला जमेल?"

दाजींना आभाळ ठेंगणं झालं. बाईंच्या बहिणीची जुनी सायकल पडून होती. ती दाजींनी स्वतःच्या घरी आणली, दोन रविवार खपून ब्रेक बदलले, दिवा लावला, बैठक वर घेतली. पहिले पंधरा दिवस दोघं बरोबरच जात. पाण्याच्या टाकीपाशी भेटायचं, दाजी पुढे, बाई मागे. आठलाही पुरतं उजाडलेलं नसे. कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता, मग लोखंडी पूल, मग गोदामांची लांबलचक भिंत. पस्तीस मिनिटांत कारखाना. बाई दारात उतरल्या की त्यांचे गाल लाल झालेले असत आणि मालक म्हणायचा, "दाजी, चेला तयार केलात की." दाजी नुसते हसत. त्या हसण्यात किती सुख होतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग तो मंगळवार आला. बाई सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लवकर गेल्या होत्या. संध्याकाळी दाजी एकटेच निघाले. पुलाच्या कठड्याला लागून एक पाण्याचा जाडजूड पाइप जातो. त्याचा सांधा कुठेतरी सुटला होता. उतारावर पाणी पसरून गोठलं होतं, त्याची काच झाली होती, अंधारात दिसतही नव्हती. चाक त्यावर गेलं आणि पुढचं दाजींना कळलंच नाही. कळलं तेव्हा ते कुशीवर आडवे होते आणि सायकल चार हात पुढे जाऊन एकटीच चाक फिरवत पडली होती.

कुत्र्याला फिरवणारी एक बाई धावत आली. "लागलं का हो?"

"छे छे! काही नाही," दाजी पडल्यापडल्याच म्हणाले. पडलो तरी नाक वर, ते असं.

घरी बायकोने लंगडणं पाहिलं. "काय झालं?" "पायडलमध्ये पॅंट अडकली." फाटलेली पॅंट त्यांनी घडी करून कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींखाली सारली. जेवताना खुब्यातून कळा येत होत्या, पण त्याहून एकच गोष्ट टोचत होती. तीन वर्षांत एकदा तरी पडलोय का मी?

सकाळी पाय उचलेना. बसने जावं लागणार, आणि बाईंना तसं कळवायला हवं. त्यांनी फोन हातात घेतला आणि लिहिलं, "आज अंगात जरा कणकण आहे. मी बसने येतो. तुम्ही या निवांत." मग खाली लिहिलं, "पुलावर जपून."

त्या दोन शब्दांकडे ते पाहत राहिले. बाई विचारतील, का? पुलावर काय झालं? मग सांगावं लागेल. दहा वाजेपर्यंत सगळ्या कारखान्याला कळेल. मालक आठवडाभर "दाजी, थंडी कुठाय?" करत बसेल. आणि बाई तशाही सावकाश चालवतात. एव्हाना ते वितळलंही असेल.

त्यांनी ते दोन शब्द पुसले आणि बाकीचा मेसेज पाठवून दिला. लगेच बाईंचं उत्तर आलं, "काळजी घ्या दाजी. मला आता जमतं एकटीला."

बस पुलावरून जात नव्हती, मोठ्या रस्त्याने फेरा घेऊन जायची. दाजींनी खिडकीची वाफ पुसली. बाहेर गवतावर पांढरं पडलं होतं. वितळलंबितळलं काही नव्हतं. बाईंना फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, पण त्या तर आता सायकलवर असणार, फोन पिशवीत. आपण स्वतःलाच ही सबब देतोय हेही त्यांना कळलं. फोन खिशातच राहिला.

नऊ वाजले. सव्वानऊ. बाईंची मेणाची सुरी टेबलावर तशीच. साडेनऊला मालकाचा फोन वाजला. तो "कुठे? कधी?" म्हणाला आणि दाजींच्या हातातली कवळी चाकावरून सटकून भिंतीवर आपटली.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

संध्याकाळी मालकाबरोबर दाजीही इस्पितळात गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, कोपरापर्यंत प्लास्टर. दाजींना पाहताच म्हणाल्या, "बघा दाजी, प्लास्टर इथल्यांनीही घोटलंय, पण आपल्या कवळ्यांइतकं गुळगुळीत नाही." मालक हसला. दाजींनी हसायचं म्हणून ओठ ताणले.

"चूक माझीच," बाई सांगू लागल्या. "तुम्ही शंभरदा सांगितलं होतं, पुढचा ब्रेक लावू नका. चाक सरकल्यावर मी घाबरून नेमका तोच दाबला. तुम्ही बरोबर असता तर ओरडला असता माझ्यावर."

आत्ता सांगावं. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात मालक वळून म्हणाला, "दाजी, तुम्ही तर रोज जाता त्या पुलावरून. तिथे असा बर्फ असतो?"

"नाही," दाजी म्हणाले. "कधी पाहिला नाही."

एकदा मूग गिळले होते, आता सरळ खोटं बोलून झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक केलं. पाणी खात्याला रोज फोन, आणि पाइप दुरुस्त होईस्तोवर रोज पहाटे बादलीभर वाळू घेऊन, दुखऱ्या खुब्याने सायकल ढकलत पुलावर जायचं आणि उतारावर पसरायची. जाणारे-येणारे थांबून म्हणत, "फार चांगलं काम करताय." दाजींना वाटायचं, कुणीतरी एक शिवी हासडावी. आठव्या दिवशी पाइप दुरुस्त झाला, पण तोवर गोष्ट कारखान्यात पोचली होती. चहाच्या वेळी मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईंसाठी एवढं कोण करतं? माणूस असावा तर आमच्या दाजींसारखा." दाजी उठून चाकाकडे गेले आणि काहीच हातात नसताना ते चालू केलं.

बाईंचं काम सगळे वाटून घेत होते, पण दात नीट बसेनात. दोन कवळ्या परत आल्या. एका म्हाताऱ्या शिक्षकाने निरोप धाडला होता की या दातांनी बोललं की शिट्टी वाजते. एरवी दाजींनी त्यावर दिवसभर विनोद केले असते. आता तो निरोप त्यांनी दोनदा वाचला आणि खाली ठेवला.

कपाट आवरताना पॅंट बायकोच्या हाती लागली. कुशीवर वीतभर फाटलेली, लोखंडाचा गंज लागलेली. दाजी संध्याकाळी घरी आले तर ती पॅंट मांडीवर घेऊन ती बसली होती.

"पायडलमध्ये पॅंट अडकली तर खाली फाटते," ती म्हणाली. "खुब्यापाशी नाही."

दाजी दारातच चपला काढायला वाकले.

"हे मंगळवारचं, आणि हा गंज पुलाचा. बुधवारी त्या पडल्या." ती हळूच म्हणाली, तेच वाईट होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं."

मग दाजींनी सगळं सांगितलं. मेसेज, पुसलेले शब्द, मालकाला दिलेलं उत्तर. सांगून झाल्यावर बायकोकडे पाहिलं. काय अपेक्षा होती कोण जाणे. तिने पॅंटची घडी घातली.

"मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा."

"रविवारी जातो."

"रविवार कशाला? पाय आहेत ना तुम्हाला?"

दाजी त्याच पावली निघाले, चालतच. बाईंच्या घरी सासूबाईंनी दार उघडलं. "अगंबाई, दाजी! या, या. हिच्या तोंडी सारखं तुमचंच नाव. बसा, चहा टाकते." त्या आत गेल्या. बाई खिडकीपाशी डाव्या हाताने भाजी निवडत होत्या. निवडलेलं कमी, सांडलेलं जास्त.

दाजी बसले नाहीत. "बाई, मी आदल्या संध्याकाळी त्याच जागी पडलो होतो."

बाईंचा हात थांबला.

"मला ठाऊक होतं तिथे बर्फ आहे. कणकण वगैरे काही नव्हती. खुबा सुजला होता."

बाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "मला मेसेज केलात, तेव्हा आठवलं नव्हतं?"

इथे नाही म्हणून सुटता आलं असतं. विसरलो, घाईत होतो. माणूस विसरतोच की.

"आठवलं होतं," दाजी म्हणाले. "लिहिलंही होतं, पुलावर जपून म्हणून. मग पुसलं."

"का?"

"तुम्ही हसाल म्हणून."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दात तिरका असला की त्या जशा पाहत तसंच.

"हसलेच असते मी," त्या म्हणाल्या. "चांगली पोट धरून हसले असते. आणि मग पुलावर उतरून चालत गेले असते."

सासूबाई चहा घेऊन आल्या, दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून दारातच थबकल्या.

"दाजी निघालेत, आई," बाई म्हणाल्या. "त्यांना आज वेळ नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दाजींनी कारखान्यातही सांगितलं, मालकासकट सगळ्यांसमोर. ज्या हसण्याला ते एवढे घाबरले होते ते काही आलं नाही. कुणीच हसलं नाही. मालक नुसता म्हणाला, "मी तुम्हाला तिथे तोंडावर विचारलं होतं, दाजी," आणि कप तसाच ठेवून आतल्या खोलीत गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो बहिणीकडे जेवायला आला नाही. बायकोने त्याबद्दल दाजींना एक शब्दही ऐकवला नाही.

बाई आठ आठवड्यांनी कामावर आल्या. मनगट पूर्वीइतकं वळत नव्हतं. पहिल्यांदा सुरी धरली तेव्हा दात सरळ व्हायला चार वेळा हात फिरवावा लागला, आणि सगळे आपापल्या कामात असल्यासारखं करत होते. महिनाभरात दोन वेळांवर आलं. एका वेळेवर परत कधी आलंच नाही. दाजींशी त्या बोलायच्या, पण कामापुरतं. "ही कड जरा खरखरीत आहे." "ही आज जायला हवी." दाजी हो म्हणून लगेच करून द्यायचे. माफ केलं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपलं ओझं बाईंच्या त्याच हातावर ठेवणं, एवढं त्यांना आता कळत होतं. आणि "थंडी कुठाय" हे वाक्य त्या खोलीत पुन्हा कुणी ऐकलं नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी बाई सायकलवर आल्या. पुलाकडून नव्हे, शाळेमागच्या लांबच्या रस्त्याने, एकट्याच. सायकल लावून हातमोजे काढताना त्यांना दारात दाजी दिसले. दोघंही जरा घुटमळले.

"शाळेपुढे रस्ता खणलाय म्हणे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी तिकडून जाता येईल?"

"येईल," दाजी घाईघाईने म्हणाले, "पण डाव्या बाजूने नको, तिथे खडी सैल आहे. पुढे गटाराचं झाकण वर आलंय, त्याच्या उजवीकडून काढा. वळणावर दिवा लागत नाही दोन दिवस झाले. आणि काल मी तिथे घसरलो, पडलो नाही पण पाय टेकावा लागला, तर तिथे तुम्ही उतरूनच..."

"दाजी," बाई म्हणाल्या, "एवढं पुरे."

आणि त्या आत गेल्या. दाजी थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग आतून मालकाने हाक मारली, आणि तेही कामाला लागले.