सोबत आलेल्या बाईचं बीपी

"तुझ्या सासूबाईंचा चेहरा बघितलास का गं? लालबुंद झालाय. दाखवून घे एकदा," अकोल्याहून आलेली माझी आई निघताना म्हणाली होती. मी म्हटलं, "कापूस वेचून आल्यात, ऊन लागलं असेल." माझ्या लेकाला, अंकुरला तेव्हा ताप होता, माझं सगळं लक्ष त्याच्याकडे.

आणि बीपी तर आमच्या घरात बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं. दर महिन्याला त्यांना वलगावकडच्या सरकारी दवाखान्यात सासूबाईच नेतात. या खेपेला सासूबाईंचंच डोकं सकाळपासून ठणकत होतं, म्हणून अंकुरला कडेवर घेऊन मीही गेले.

बाबांचं बीपी पुन्हा वाढलेलंच. डॉक्टर वैतागले. "खुशालराव, गोळी रोज घेता ना?"

"घेतो ना जी. बायकोच देते हातात."

"मग उतरत कसं नाही? डोस वाढवतो."

दारातून मला बाहेरच्या बाकावर सासूबाई दिसत होत्या. मांडीवर बाबांची पिशवी, डोळे मिटलेले, एक हात मानेवर. मी बीपी मोजणाऱ्या पौर्णिमा सिस्टरना म्हटलं, "यांचंही मोजता का?"

"केसपेपर तर बाबांचा आहे."

"तरी मोजा ना."

सासूबाई उखडल्या. "मले काय झालं? पेशंट तुहा सासरा हाय. तू पोराले सांभाळ."

"आई, नुसता पट्टा बांधायचाय."

"पट्टा बांधाले मी का बैल हाव?"

बाकावरच्या बाया खो खो हसल्या. सिस्टरही हसत हसत पट्टा गुंडाळू लागल्या.

मशीन थांबलं, तसं त्यांचं हसूही थांबलं. आकडा त्यांनी सांगितला नाही. घट्ट बाही वर सरकवली, पाठ टेकवून बसवलं. "थोडा वेळ अजिबात बोलू नका, मावशी."

अंकुर किरकिरायला लागला. मी त्याला छातीशी घट्ट धरलं. त्याच्या रडण्यानंसुद्धा आकडा चढेल असं वाटत होतं.

पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर. वरचा आकडा दोनशेच्या खाली येईना.

डॉक्टर उठून बाहेर आले. "नीट दिसतंय ना?"

"तुमी दोन दोन दिसून राहिले."

या वेळी कुणी हसलं नाही.

"कुठली गोळी घेता?"

सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं. "यायचीच. अर्धी यायले, अर्धी मले. डोकं लय दुखे."

बाबांना आजवर वाटत होतं, गोळी अर्धीच असते. "अवं, मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त दवाखान्यात बसवलं असतं. कापूस कोन येचला असता?"

डॉक्टरांनी बाबांचा वाढवलेला डोस खोडला आणि अँब्युलन्स बोलावली. अमरावतीपर्यंत मी सासूबाईंना बोलतं ठेवत होते. "आई, माझं नाव काय?"

"आरती. काहून, इसरली का सोताचं?"

मग मी अंकुरचं नाव विचारलं. त्यांनी नुसता माझा हात दाबला.

हे मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीच्या वॉर्डात बसून लिहितेय. बीपी हळूहळू उतरतंय. उजव्या डोळ्याची नजर पूर्ण परत येईल का, ते उद्या कळेल म्हणतात. मघाशी पौर्णिमा सिस्टरचा फोन होता. आता त्या सोबत आलेल्यांचंही मोजतात, केसपेपर असो-नसो. पहिल्याच दिवशी तिघींचं वाढलेलं निघालं.

तुमच्याही घरी असं एक माणूस असेल, दुसऱ्यांना दवाखान्यात नेणारं. त्याचं शेवटचं बीपी कधी मोजलं होतं? आत्ता उठा आणि विचारा. "मले काय झालं" म्हणालं, तरी घेऊन जा.