हिरवा दिवा

"कान ओढू नकोस हं," ताई म्हणाली. "लहानपणी मी तुझे पुष्कळ ओढलेत. त्याचा सूड आज नको."

टोचणभाऊंनी चिमटा तिच्या कानाच्या पाळीला अलगद लावला. कपड्यांच्या चिमट्याएवढाच तो, आतून तांबडा प्रकाश टाकणारा. त्याची वायर हातातल्या डबीत गेलेली. रक्त न काढता, नुसत्या प्रकाशाने मलेरिया ओळखायचं हे यंत्र दवाखान्यात नुकतंच आलं होतं. त्याची खात्री अजून व्हायची होती. म्हणून यंत्र लावल्यावर नेहमीसारखं बोटही टोचायचं, असा नियम होता.

टोचणभाऊ हे नाव रोग्यांनीच ठेवलेलं. उभा जन्म त्यांनी लोकांची बोटं टोचली, थेंब काचेवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ते दिसले की पोरं आईच्या मागे दडत. टोचून झालं की ते पुटपुटत, "झालं हं, झालं." त्यांच्या हाती कधी लागलं नाही ते एकच बोट, ताईचं. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं, कुणाला घाबरली नाही. पण सुई दिसली की तिचे हात पाठीमागे जात.

म्हणून यंत्र आल्यापासून ते घरी त्याचं कौतुक सांगत होते. ना सुई, ना रक्त. आज सकाळी तिला थंडी वाजून ताप भरला आणि ती आपण होऊन आली.

डबीवर हिरवा दिवा लागला.

"सुटले बाई," ताई म्हणाली.

"अगं, नोंद नीट झाली एवढाच त्याचा अर्थ. आत काय दिसलं ते आम्हालाही दाखवत नाही. सगळ्यांची तपासणी संपली की वरून कळणार. बोट दे."

हात केव्हाच पाठीमागे गेले होते. "हिरवा म्हणजे हिरवा. रस्त्यावरचासुद्धा जा म्हणतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, घरात तुमचं काही चालत नाही वाटतं. संशयावर गोळ्या देते. पण घेतील का त्या?"

तिने घेतल्या नाहीत.

"काही झालेलं नसताना गोळ्या गिळायला मी काय खुळी आहे?"

"ताई, त्या यंत्राचं अजून खरंखोटं ठरायचंय."

"मग इतके दिवस माझ्यापुढे त्याचे गोडवे कशाला गायलास?"

त्यांनी गोळ्या तिच्या उशाशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ताप नव्हता. ताईने घर झाडलं, भांडी घासली आणि येताजाता टोमणे मारले. हा ताप मध्ये एक दिवस विसावा घेतो, हे टोचणभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी तेही सांगितलं. "तुझ्या तापाला रविवारची सुट्टी असते का रे?" ती म्हणाली. त्यांनी गोळी कुटून दुधात कालवली. एक घोट घेऊन तिने पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"कडू आहे. तू पी, बाबू."

साठी उलटलेले ते गृहस्थ पेला हातात धरून बसून राहिले.

त्यानंतरच्या सकाळी ती त्यांना ओळखेना. अंग तापलेलं, डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई सलाइन लावत मान वर न करता म्हणाल्या, "काका, स्लाइड घ्या लवकर."

टेबलावर डबी होती. ताईच्या कानात यंत्राने काय पाहिलं होतं, ते त्या डबीतच होतं. टोचणभाऊंनी ती बाजूला सारली, ताईचा हात आपल्या हातात घेतला, बोट पुसलं. सवयीने त्यांनी मनगट घट्ट धरलं. सगळेच हात मागे ओढतात.

सुई टेकली. हात होता तिथेच राहिला.

"झालं हं, झालं," ते म्हणाले.

थेंब त्यांनी काचेवर पसरला, आणि काच वाळेपर्यंत त्या बोटावर कापूस दाबून धरला.