बेरार्दिनोचा फौजदार

लोरेदाना पहिल्यांदा सायकलवाल्यांना घेऊन पेस्कोनेरोत आली तेव्हा पहिला टोमणा मीच मारला होता. चड्ड्या घालून म्हाताऱ्यांची वरात कुठे निघाली, असं मी विचारलं आणि पत्ते खेळणारे सगळे हसले. लोरेदानाही हसली. ती आमच्याच गावची, बेरार्दिनो मेंढपाळाच्या धाकट्या भावाची मुलगी. रोमला जाऊन तिनं पंधरा वर्षं ऑफिसातली खुर्ची झिजवली आणि चाळिशीला आल्यावर परत येऊन हा उद्योग काढला. हॉलंड-जर्मनीकडचे निवृत्त लोक गोळा करायचे, त्यांना सायकलींवर बसवायचं आणि आठ दिवस आमच्या डोंगरांतून, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात फिरवायचं.

पेस्कोनेरो त्यांच्या वाटेत मधोमध यायचं. अकरा किलोमीटरचा घाट चढून आलेली माणसं माझ्या बारमध्ये धपकन बसायची. माझा बार म्हणजे सकाळी कॉफी, दुपारी पत्ते आणि संध्याकाळी वाइन, एवढंच. पण त्या दोन उन्हाळ्यांत मी भाकरी-चीजच्या ताटल्या करायला लागले, बाहेर दोन टेबलं मांडली. माझा नवरा सबातिनो कुरकुरायचा, पण टेबलं उचलून ठेवायला तोच यायचा. गावाला ते लोक आवडत नव्हते. रस्त्यात उभं राहून फोटो काढतात, गुरांना बुजवतात, घंटी वाजवून म्हातारीला बाजूला व्हायला सांगतात. मलाही फारसे आवडत नव्हते. पण टेबलं भरलेली आवडत होती.

मग फौजदाराची भानगड झाली.

फौजदार म्हणजे बेरार्दिनोचा कुत्रा. खालच्या ठाण्यातल्या फौजदारावर त्याचा जुना राग, म्हणून त्यानं आपल्या सगळ्यात दांडग्या कुत्र्याला ते नाव दिलं होतं. वर खिंडीखालच्या कुरणावर त्याची दोनशे मेंढरं असतात आणि ती राखायला पाच पांढरे कुत्रे. हे कुत्रे लांडग्यांशी झुंजायलाच जन्मलेले. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. त्यांची रीत आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. कुत्रा आडवा आला की उभं राहायचं, पळायचं नाही, हात उगारायचा नाही. तो हुंगतो, तुम्हाला ओळखतो आणि निघून जातो. लोरेदाना तिच्या माणसांना हे सकाळ-संध्याकाळ सांगायची. कुत्रे दिसले की सायकलवरून उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा.

त्या जूनमध्ये मी वर रानपालक खुडायला गेले होते. पहिला सायकलवाला वळणावरून आला. तो कुठलातरी जर्मन वकील होता, हे मला नंतर कळलं. मेंढरं रस्ता ओलांडत होती, बेरार्दिनो अजून मागे, चढापलीकडे होता. तो उतरला नाही. घंटी वाजवत कळपात घुसला. फौजदार पुढे येऊन भुंकला. नुसता भुंकला, हे मी स्वच्छ पाहिलं. त्या माणसानं सायकलला लावलेला हवा भरायचा पंप उपसला आणि कुत्र्याच्या तोंडावर मारला. एकदा नाही, दोनदा. मग फौजदारानं त्याची पोटरी धरली.

लोरेदाना मागे होती, दमलेल्या एका बाईबरोबर. तिला यातलं काहीच दिसलं नाही.

तासाभरानं तो वकील माझ्या बारमध्ये खुर्चीवर पाय टाकून बसला होता आणि ठाण्यातून खरा फौजदार वर आला होता. वकील म्हणत होता, कुत्रा विनाकारण अंगावर आला. फौजदारानं मला बाजूला घेतलं. “तुम्ही वर होतात म्हणे, एर्सिलियाबाई. यानं कुत्र्याला काही केलं होतं का?”

मी बाहेर पाहिलं. माझी दोन्ही टेबलं भरली होती. दोष यांच्या माणसावर लिहिला गेला तर इथे पुन्हा कोण थांबणार, हा विचार माझ्या मनात आला. तेवढाच आला.

“माझी पाठ होती,” मी म्हणाले. “मी पालक खुडत होते. पाहिलं नाही.”

पंधरा दिवसांनी कुत्रा जप्त करायचा हुकूम आला आणि त्याला शहरातल्या कोंडवाड्यात न्यायला गाडी आली. फौजदार फौजदाराला पकडायला आला, असं म्हणून लोक सकाळी हसत होते. गाडी कुरणावर उभी राहिली तेव्हा कोणी हसलं नाही. कुत्रा कोणाला जवळ येऊ देईना. शेवटी बेरार्दिनोनं स्वतः त्याचा पट्टा काढला, त्याला दोन्ही हातांत उचललं आणि पिंजऱ्यात ठेवलं. मग पट्टा घेऊन तो घरात गेला.

नोव्हेंबरात धुकं उतरलं आणि भर दुपारी लांडग्यांनी चौदा मेंढरं फाडली. उरलेले कुत्रे होते, पण त्यांना पुढे नेणारा नव्हता. फेब्रुवारीत शहरातून निरोप आला की फौजदारानं खाणं सोडलं होतं आणि तो मेला.

गावानं सगळं लोरेदानावर घातलं. तिनंच ती माणसं आणली, तिनंच पोलिसांत दिलं, रक्ताच्या काकाचं वाटोळं केलं. ती सांगत राहिली की तक्रार त्या वकिलानं केली, मी नाही. पण ऐकून घेतं कोण? तिच्या सामानाच्या गाडीची चारी चाकं कोणीतरी कापली. खिंडीच्या वळणावर खिळे पडले. तिच्या आईच्या थडग्यावरची फुलंही कोणीतरी उचलून भिंतीपलीकडे फेकली. मार्चमध्ये माझ्याच बारमध्ये ठरलं की सायकलवाल्यांना गावात पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. सबातिनोनं टेबलावर मूठ आपटली. ज्या टेबलांसाठी मी गप्प बसले होते ती त्यानं आत घेऊन कोठीत उलटी रचली आणि मीही मान डोलावली. एका शब्दानं सगळं फिरलं असतं. तो शब्द मी काढला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लोरेदाना तरीही आली. दुसरा रस्ता दरडीनं बंद झाला होता. सकाळी ऊन होतं. दुपारी खिंडीवरून काळं आभाळ उतरलं आणि आधी पाऊस, मग बर्फमिश्रित पाऊस लागला. आत चौघं पत्ते खेळत होते. सबातिनोला काचेतून ते घाट चढताना दिसले. सात माणसं आणि पुढे लोरेदाना. त्यानं उठून दाराला कडी घातली आणि दिवा मालवला. मागचा एक दिवा राहून गेला.

तिनं दार ठोठावलं.

“एर्सिलिया मावशी, दिवा दिसतोय मला.”

आत कोणी हललं नाही.

“मावशी, माझ्यासाठी नको उघडू. एक बाई आहे, सत्तर वर्षांची. मघापासून ती बोलायची थांबलीये. गाडी खिंडीपलीकडे आहे आणि फोन लागत नाहीये. नुसतं चुलीपाशी बसू दे तिला.”

पत्त्यांतला एक जण हळूच म्हणाला, “घंटी वाजव म्हणावं, घंटी.” दुसरा फिसकन हसला. सबातिनोनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी काउंटरमागे फडकं धरून उभी होते. ती आणखी दोनदा ठोठावून थांबली. मग शेजारच्या दारावर आवाज आला, मग त्यापुढच्या. चर्चलाही कुलूप होतं. नंतर सायकलींचा आवाज वर जाताना ऐकू आला. वर बेरार्दिनोच्या गोठ्याखेरीज काही नाही.

पुन्हा पत्ते वाटले गेले. मी दहा मिनिटं तशीच उभी राहिले असेन. मग मागच्या खोलीत जाऊन दोन घोंगड्या काखेत मारल्या आणि मागल्या दारानं बाहेर पडले. चांगुलपणा म्हणून गेले, असं मी म्हणणार नाही. आत उभं राहवेना, एवढंच.

गोठा गावापासून किलोमीटरभर वर आहे. मी पोचले तेव्हा ते सगळे आवाराबाहेर रस्त्यावर उभे होते, सायकली मध्ये धरून. चार कुत्रे त्यांच्याभोवती फेऱ्या मारत गुरगुरत होते. त्या म्हातारीला दोघांनी काखेत धरलं होतं. ओठ निळे, आणि ती थरथरतही नव्हती. लोरेदाना हाका मारत होती, “काका. ओ काका.”

बेरार्दिनो दारात आला. पुतणीला त्यानं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

“कुत्रे ओळखत नाहीत तुला,” तो म्हणाला. “जो ओळखायचा तो तू नेलास.”

“मला हवं ते बोला, काका. पण आधी हिला आत घ्या.”

“का? गाव झोपलंय का?”

“गावानं कड्या घातल्यात.”

त्यानं म्हातारीकडे पाहिलं आणि कुत्र्यांना शीळ घातली. “आण तिला. दया म्हणून नाही. ती इथे मेली तर पुन्हा पोलीस माझ्याच दारात येतील आणि उरलेले चार घेऊन जातील.”

आत मेंढरांची ऊब होती. बेरार्दिनोनं म्हातारीचे ओले कपडे काढायला लावले, तिला मेंढरांच्या मध्ये पेंढ्यावर बसवलं आणि चीज काढून कढईत उरलेली गरम निवळी वाटीत ओतून दिली. हे करताना त्याचं तोंड बंद नव्हतं. लोरेदानाला तो काय काय बोलला ते सगळं सांगत नाही. चौदा मेंढरं त्यानं एकेक नावानिशी सांगितली. तिच्या बापाला शिव्या दिल्या. त्या परक्या माणसांना भाषा कळत नव्हती, पण आवाज कळत होता. ती सगळी खाली बघून आपापल्या वाटीवर हात शेकत होती.

लोरेदानानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी फौजदाराला सांगितलं होतं, हा माणूस आडदांड आहे, यानंच काहीतरी केलं असणार. पण मी मागे होते, माझ्या शब्दाला किंमत नव्हती. ते म्हणाले, पाहणारं एकच माणूस होतं आणि त्यानं काही पाहिलं नाही.”

मी घोंगड्या धरून दाराशी उभी होते. अजून कोणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

“मी पाहिलं होतं,” मी म्हणाले.

दोघंही वळले. मी सगळं सांगितलं. घंटी, पंप, दोन फटके, भरलेली टेबलं. सांगायला मिनिटभरही लागलं नाही. वर्षभर जे छातीवर धोंड्यासारखं होतं ते एवढंसं निघालं, याचीच मला लाज वाटली.

मला बघून न बघितल्यासारखं करून लोरेदानानं पाठ फिरवली आणि म्हातारीचे पाय चोळायला बसली.

बेरार्दिनो माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारतो आता. त्यानं माझ्या हातातल्या घोंगड्या घेतल्या.

“घोंगड्या राहू देत, त्यांचा काही गुन्हा नाही,” तो म्हणाला. “तू चालती हो.”

दोन तासांनी पाऊस थांबल्यावर गाडी खिंडीवरून परत आली. ती म्हातारी बरी झाली, असं मी खालच्या गावात ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. फौजदारानं तो उतरवून घेतला, मग पेन खाली ठेवून विचारलं, “आता कशाला, बाई? कुत्रा तर मेला.” मी म्हणाले, लिहून ठेवा. त्यानं ठेवलं.

गावाचं काय झालं? गावानं लोरेदानाची माफी मागितली नाही. कोणी कधी मागत नाही. फक्त खिळे पडायचे बंद झाले आणि तिच्या आईच्या थडग्यावर फुलं राहायला लागली. राग कुठेतरी ठेवायला हवा होता, तो आता माझ्याकडे आणून ठेवला. पत्तेवाले चौघं त्याच आठवड्यात उठले आणि चर्चमागच्या खोलीत खेळायला लागले. दारावर ठोठावणं ऐकत तेही बसले होते, पण ते त्यांना आठवत नाही. महिनाभर धुमसून सबातिनो म्हणाला, “तोंड उघडायचंच होतं तर तेव्हा उघडायचं. नाहीतर कायमचं बंद ठेवायचं. मध्येच कसलं उघडतेस?”

काका-पुतणीतही काही गोडी झाली नाही. मेंढरं रस्त्यावर असली की लोरेदाना वळणावरच माणसांना उतरवून उभी करते. बेरार्दिनो त्यांना चांगलं ताटकळवतो, मग शीळ घालून कुत्रे मागे घेतो. तिला त्याहून जास्त काही नकोही असावं.

गेल्या सप्टेंबरात तिची टोळी गावातून जात होती आणि मी दारात उभी होते. मी तिला नावानं हाक मारली, म्हणाले, कॉफी घेऊन जा. ती थांबली. एक पाय जमिनीवर टेकून तिनं घाम पुसला आणि मागच्यांना तिच्या त्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशी, यांना सांगून ठेवलंय मी, या गावात काही विकत मिळत नाही.” आणि पायडल मारत गेली.

सबातिनो म्हणतो, बार बंद करू. मी करत नाही. रोज सकाळी सहाला दार उघडते, यंत्र तापवते आणि पहिली कॉफी स्वतःसाठी काढते. आठच्या सुमारास पोस्टमन येतो, तेवढंच एक गिऱ्हाईक. तो खालच्या गावचा आहे.