लखनच्या नावाआधी थांबलेली थाळी

थाळी तुम्ही चोरलीत, साहेब. ‘जप्त केली’ हा तुमचा शब्द. भागीबाई चोरीला चोरीच म्हणते.

सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ इमारतीच्या परांचीवरून तिचा पोरगा लखन पडला आणि तुमच्या दवाखान्यात आणेपर्यंत संपला. चिरफाडीला डॉक्टर जागेवर नाही, म्हणून माय सकाळपासून शवागाराबाहेर निंबाखाली बसलेली. डोळ्यांतून टिपूस निघेना. पाण्याचा पेला दिला तर तसाच हातात धरून बसली.

पेठ गावाहून तिचा भाऊ बारकू एसटीनं आला. तिला बघून हबकला.

“बाय, रड की गं.”

“नाय येत.”

बारकूनं पिशवीतून काशाची थाळी काढली. मधोमध मेण थापलं, त्यात काडी उभी केली आणि ओली बोटं काडीवरून ओढली. थाळी भुंग्यासारखी गुणगुणायला लागली. त्या सुरावर त्यानं कथा धरली. त्यांच्या घरी मयताला ही कथा लागते. धरती कशी झाली, डोंगर कुठून आले, पहिलं मरण कुणाचं, असं सांगत सांगत शेवटी मेलेल्याचं नाव घ्यायचं. नाव आलं की घर रडतं. आणि ज्या थाळीवर कथा उठली तिच्यावरच ती संपवायची, दुसरी चालत नाही.

भागीबाई हळूहळू डुलायला लागली. कथेत नागली आली तशी बोलली, “लखन्याला नागलीची भाकर नको. शहरात पोळी भेटती म्हणून पळाला, मेला!”

‘मेला’ तोंडून गेलं आणि तिनं हातातल्या पेल्यातून पाण्याचा घोट घेतला.

नाशिक रोडची स्नेहल भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा नवरा आत, डॉक्टरांनी आशा सोडलेली. कथेतलं निम्मं तिला कळत नव्हतं, तरी ती जवळ येऊन बसली.

“मामा, थांबू नका हं.”

भागीबाईनं तिच्याकडे न बघताच तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

आतून नर्सनं हाक मारली. उठता उठता स्नेहलनं पर्समधून रुपया काढला आणि आरतीच्या ताटात टाकावा तसा भक्तीनं थाळीत टाकला. थाळी खणखणली. गुणगुण मेली.

नेमके तेव्हाच तुम्ही, दवाखान्याचे साहेब, फेरीवर आलात.

“दवाखान्यात भीक मागता?”

“भीक नाय सायेब. पोराचं नाव यायचंय. थोडकंच राह्यलंय.”

तुमच्या शिपायानं थाळी उचलली, काडी मोडून फेकली. “अहो, पैसा मी टाकला, चूक माझी!” स्नेहल मागं धावली. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

लखनला अग्नी दिला तेव्हाही भागीबाई रडली नाही. दहा वर्षं उलटली. बारकूनं नवी थाळी आणली, तर तिनं ती बाजूला सारली. “माजा लखन अर्ध्या वाटंवर बसलाय. त्याला तितूनच उठवाय पायजे.”

दर उन्हाळ्यात ती तुमच्या दवाखान्याच्या फाटकाशी येते. स्नेहलही येते, कपाळ मोकळं घेऊन. म्हातारीचा हात मांडीवर घेते आणि ओठ मिटून तीच गुणगुण काढते. तेवढ्यानं म्हातारी कपभर चहा पिते, स्नेहलच्या खांद्यावर घटकाभर झोपते. रडायला मात्र नाव लागतं, आणि नावाला ती थाळी.

कुठल्या कपाटात टाकलीत? की भंगारात घातलीत? दोघी फाटकाशी बसल्यात, साहेब. खाली या आणि त्यांना तोंडावर सांगा, थाळी कुठं आहे?